आईचा ऑक्सिजन आणि गच्चीवरचं ऊन

गेल्या जूनमध्ये आईचा ऑक्सिजन चालू राहावा म्हणून मी तिला गच्चीवर नेलं, आणि तिथे तो बंद पाडला.

आम्ही गोमती नगरात, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. आईची फुप्फुसं अशक्त, त्यामुळे तिला दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि ते विजेवर चालतं. म्हणून मी सोलर पॉवर स्टेशन आणलं होतं. सुटकेसएवढी बॅटरी आणि सोबत घडीचं पॅनल. (माहितीपुस्तिका वाचली होती. चित्रं तरी नक्कीच पाहिली होती.)

त्या दिवशी सकाळी अकराला ट्रान्सफॉर्मर जळाला. मी मशीन बॅटरीला जोडलं. स्क्रीनवर आलं, तीन तास. वीज कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या श्रीवास्तव भाभी सांगून गेल्या की आमच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे, माँजींना घेऊन या. मी म्हटलं, गरज नाही, आमच्याकडे सूर्य आहे.

सूर्य होता गच्चीवर आणि पॅनलची वायर जेमतेम दोन हात. त्यामुळे बॅटरी वर गेली, तिच्यामागे मशीन, आणि मशीनमागे खुर्चीसकट आई. एका बाजूने खुर्ची मी धरली, दुसऱ्या बाजूने माझी मुलगी मिताली. आईला जिन्याच्या सावलीत बसवलं. बॅटरी मात्र पॅनलशेजारी, भर उन्हात. सोलरच आहे म्हटल्यावर तिलाही ऊन हवंच ना!

वीस मिनिटांत बॅटरी किंचाळली आणि बंद पडली. पाठोपाठ ऑक्सिजनचं मशीनही.

"पापा, सिर्फ़ पैनल धूप में रखते हैं," मिताली म्हणाली.

आईचा श्वास जड झाला. मी घाईघाईत बोटाला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याण्णव! मी देवाचे आभार मानणार, तेवढ्यात मिताली म्हणाली, "ये आपकी उँगली है."

आईच्या बोटाला लावल्यावर आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

मग खुर्ची उचलून दोन मजले आम्ही कसे उतरलो, मला आठवत नाही. भाभींच्या इन्व्हर्टरवर मशीन सुरू झालं. नव्वद, त्र्याण्णव, पंच्याण्णव. तेव्हा कुठे मी खाली बसलो, खुर्ची आहे की नाही हेही न बघता. नव्हती.

भाभींनी विचारलं, "माँजी, ये सब हुआ कैसे?"

आईला आता पुरेसा दम आला होता. "इसको कुछ मत बोलना," ती म्हणाली, "ये सरकारी साइंटिस्ट है. आम के पेड़ों को धूप से कैसे बचाना, किसानों को यही सिखाता है."