चेकनाक्याच्या अलीकडे

जानकी कराचीत जन्मली आणि मराठीत वाढली. तिचे पणजोबा इंग्रजांच्या काळात कामधंद्यासाठी तिकडे गेले होते. पुढे फाळणी झाली आणि घर जागचं न हलताही परदेशात गेलं. गणपती बसायचा, आरत्या व्हायच्या, फक्त बोलण्यात ‘तबियत’ आणि ‘शुक्र आहे’ मिसळलेलं. २०१० साली लांबच्या नात्यातून स्थळ आलं, आणि मुलुंडच्या राजेशशी लग्न करून ती इकडे आली.

पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात नोंद करायला गेली, तेव्हा तिथल्या हवालदाराने व्हिसा वाचून सांगितलं, “मॅडम, मुंबईबाहेर जायचं नाही. जायचं तर आधी परवानगी.”

मुंबई केवढी मोठी, काय कमी आहे, असं तिला वाटलं. पण मुलुंड पडलं मुंबईच्या टोकाला. चेकनाका ओलांडला की ठाणं. नणंद दीप्ती ठाण्यात, रिक्षाने वीस मिनिटांवर. दीप्तीच्या मुलाच्या बारशाला सगळं घर गेलं. जानकीची परवानगी आली ती बारसं होऊन नऊ दिवसांनी. गणपतीला सगळे कणकवलीकडे गावी जायचे, ही मागे. सासू रत्नप्रभा मायेची, पण परत आली की बोलल्याशिवाय राहायची नाही. “गावातली माणसा इचारतत गो, तुझी सून आसा तरी खंय?”

काही वर्षांनी नियम सैल झाला, राज्यात फिरता येऊ लागलं. जानकीने सासरचं गाव पाहिलं. पण तोवर नागरिकत्वाचा अर्ज करायची वेळ आली होती, आणि तिथे दुसरी गाठ बसली. कचेरीतल्या बाईंनी अगदी चांगुलपणाने समजावलं, “आता माहेरी जाऊ नका हं. सलग राहिलात असं दिसायला हवं, नाहीतर मोजणी पहिल्यापासून.”

दोन महिन्यांनी कराचीत तिची आई आजारी पडली.

“जाऊन ये,” राजेश म्हणाला. “फाईल काय, परत करू.”

“परत म्हणजे किती वर्षं, ते सांग ना.”

राजेशलाही ते माहीत नव्हतं. जानकी दोन दिवस बॅग भरत होती आणि रिकामी करत होती. शेवटी राहिली. आईचं शेवटचं दर्शन तिने मोबाइलवर घेतलं. भाऊ तिकडे फोन धरून उभा होता, त्याचा हात हलत होता, त्यामुळे आईचा चेहरा धड दिसलाही नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती स्वतःवरच चिडलेली असायची. भांडी आपटायची, लेक श्रुतिकावर खेकसायची.

अर्ज मंजूर होत आला, तेव्हा जुना पासपोर्ट परत करायचा कागद आला. तो दिल्यावर पाच महिने ती कुठलीच नव्हती. तिकडचं नाव कमी झालेलं, इकडचं लागलेलं नाही. त्या पाच महिन्यांत तिने रस्ता ओलांडतानासुद्धा जपून पावलं टाकली. उगाच कुठे काही झालं तर कागदावर लिहिणार काय?

२०२५च्या जानेवारीत शपथेचा दिवस आला. रत्नप्रभाने तिला स्वतःची हिरवी पैठणी नेसवली. जानकीने शपथ न अडखळता वाचली. साहेब कौतुकाने म्हणाले, “मराठी फार छान शिकलात हो!”

“शिकले नाही, साहेब. घरचीच आहे,” ती म्हणाली, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच सरकारी खोलीत तिचा आवाज चढला. बाहेर येऊन तिने नागरिकत्वाचं प्रमाणपत्र छातीशी धरलं आणि भर रस्त्यात रडली.

नवा पासपोर्ट हातात आला की बाबांना भेटायला जायचं, असं ठरलं होतं. एप्रिलमध्ये काश्मीरात पर्यटकांची हत्या झाली. सीमा बंद झाली, व्हिसे थांबले, इथल्या पाकिस्तानी नागरिकांना देश सोडायला सांगितलं. त्याच आठवड्यात दारात एक तरुण हवालदार जुनी यादी घेऊन उभा राहिला.

“जानकी राजेश, पाकिस्तानी नागरिक?”

शेजारची दोन दारं किलकिली झाली. राजेश उठायला लागला, तिने त्याला हातानेच बसवलं. प्रमाणपत्र आणून हवालदारासमोर धरलं. “भारतीय. नीट वाचा आणि यादी सुधारून घ्या.”

त्याने वाचलं, फोटो काढला, “सॉरी ताई” म्हणून जिना उतरला. दार लावल्यावर जानकीने प्रमाणपत्रावरची तारीख पुन्हा वाचली. हा कागद तीन महिने उशिरा आला असता तर? आणि भारतीय ठरवणारा हाच कागद आता तिला बाबांकडे जाऊ देणार नव्हता.

तिने कराचीला फोन लावला. चंद्रप्रकाश, तिचे बाबा, ऐंशीला टेकलेले, डोळ्यांनी अधू. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “तो कागद वाचून दाखव, बेटा.”

तिने वाचला. तिचं नाव आलं, मग बापाचं.

“माझंही नाव आहे?”

“आहे ना, बाबा.”

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचला. “शुक्र आहे,” ते म्हणाले. “मी नाही, पण नाव तरी तिकडे पोचलं.”

“व्हिसे सुरू झाले की येते मी, बाबा.”

“ये,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, श्रुतिका जेवली का.