बायपासला गेलेलं इंजन

भिगवणच्या अल्लाबक्ष मुलाणीला देणाऱ्यानं सगळं दिलं, आवाज देताना मात्र हात आखडता घेतला. मुका नव्हता बरं का. बोलायचा, पण त्या धिप्पाड, मिशीवाल्या माणसाच्या तोंडून इतका बारीक आवाज निघायचा की ऐकणारा आधी इकडंतिकडं बघायचा. उमेदीच्या वयात एकदा मासळीबाजारात त्यानं छाती भरून 'चिलापी घ्या चिलापी' अशी आरोळी ठोकली, तर शेजारच्या पाटीवरच्या म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, पोरगी कुणाची चुकलीय म्हणून. सगळा बाजार हसला. त्या दिवशी अल्लाबक्षनं तोंड मिटलं ते मिटलंच.

आता मासे विकायचे आणि ओरडायचं नाही, हा धंदा चालायचा कसा? तर तो चालला पिकअपमुळं. ही पिकअप त्यानं जुनीच घेतली होती आणि ती घेतल्या दिवसापासून एकाच सुरात बोलायची. ढुक् ढुक् ढुक् फट्. पुन्हा ढुक् ढुक् ढुक् फट्. उजनी धरणाच्या पाण्यातली चिलापी, रोहू, कधी मरळ, असा माल बर्फात घालून अल्लाबक्ष सकाळी भिगवण सोडायचा आणि वाड्यावस्त्या करत लासुर्ण्यापर्यंत जायचा. वस्तीच्या अलीकडच्या वळणावर गाडीनं फट् केलं की बाया चुलीवरचं खाली उतरवून पातेली घेऊन दारात. अल्लाबक्षनं फक्त तागडी धरायची. भाव सगळ्यांना ठाऊक, माल डोळ्यांपुढं, मग बोलायचंय कशाला? आयुष्यभराचं बोलणं त्यानं इंजनावर सोपवून टाकलं होतं आणि तो निवांत होता.

लासुर्ण्याच्या बाहेर कालव्याकडंच्या वस्तीवर रंगुबाई नावाची म्हातारी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर माणूस उभा असला तरी नुसती सावली दिसायची. ऑपरेशनचं नाव काढलं की ती चिडायची, म्हणायची की बघण्यासारखं आता राहिलंय काय. पण पिकअपचं पहिलं ढुक् ऐकलं की ती चप्पल पायात सरकवायची आणि फट् व्हायच्या आत दारात यायची. इतक्या वर्षांत तिचं आणि अल्लाबक्षचं एक वाक्य बोलणं झालं नव्हतं. तिनं पातेलं पुढं करायचं, त्यानं मासे घालायचे.

आणि एका सकाळी, मालानं भरलेली गाडी भिगवणच्या बाहेर जरा कुठं निघाली, तर तिनं एकच मोठं फट् केलं आणि मान टाकली. माल ढाब्यावाल्यांच्या गळ्यात मारावा लागला आणि गाडी दोरानं ओढत बारामतीला बुद्धघोषच्या गॅरेजवर न्यावी लागली. बुद्धघोष हा शिकलेला, तोंडानं फटकळ पण हाताचा साफ मेस्त्री. त्यानं इंजन उघडलं, आत बॅटरी मारली आणि सांगितलं की वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, जळालाय, हेडला चीर गेलीय, खालचंही काही खरं नाही, हे आता दुरुस्तीच्या पलीकडं गेलंय, अख्खं इंजनच बदलावं लागंल.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण सगळा घोटाळा इथंच झाला. बुद्धघोषचं गॅरेज आहे बायपासला. बारामतीत कुणालाही विचारा, त्या रस्त्याला नुसतं 'बायपास' एवढंच म्हणतात. अल्लाबक्षनं विचार केला की आपली गिऱ्हाइकं वाट बघत असतील, कळवलं पाहिजे. म्हणून त्यानं लासुर्ण्याच्या स्टँडवरच्या चहावाल्या गेणूला फोन लावला. समोरासमोर कमी बोलणारा माणूस फोनवर तर आणखीच कंजूष. त्या बारीक आवाजात तो एवढंच म्हणाला, "गेणूराव, वॉल गेला. बायपासला हाय. बदलायचं म्हणत्यात. वस्तीवर सांगा." आणि ठेवला की फोन. गाडी हा एक शब्द मधे घातला असता तर काय जीभ झिजली असती का? पण नाही घातला.

गेणूच्या हातातली किटली तशीच राहिली. वॉल गेला, बायपासला हाय. आणि आवाज तर बघा कसा खोल गेलाय. दुपारपर्यंत लासुर्ण्यात, संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर झालं की अल्लाबक्षभाईंच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन आहे. जो तो हळहळला. एवढा गरीब माणूस, कधी कुणाला वर तोंड करून बोलला नाही, असं लोक म्हणायला लागले.

इकडं त्या गरीब माणसानं बुद्धघोषच्या डोक्याचा पार भुगा केला होता. बुद्धघोषनं पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं, डिझेलच्या जागी डिझेलच बसवू, म्हणजे आरटीओत नोंद करताना ताप नाही, आणि भंगारबाजारात इंजनं पडलीत हवी तेवढी. पण अल्लाबक्षची तऱ्हाच न्यारी. लोक इंजन घेताना ताकद विचारतात, अॅव्हरेज विचारतात. हा डब्यावर बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, चालू करा. मग कान देऊन ऐकायचा आणि मान हलवायचा. न्हाय.

त्याच्याच गाडीच्या जातीचं एक जुनं इंजन दौंडकडून आणलं. बुद्धघोष खूश, आता नाही म्हणायला जागाच नाही. अल्लाबक्षनं डोळे मिटून ऐकलं आणि तोंड वाईट केलं. हे फट् म्हणत नाही, फस् म्हणतंय. बुद्धघोषनं हातातला पाना खाली ठेवला.

"चाचा, तुमाला इंजन पायजे का देवळातली घंटा?"

अल्लाबक्षनं मग कधी नव्हे ते खुलासा केला. बायका या आवाजावर बाहेर येतात. आवाज बदलला तर त्या घरात आणि मासे गाडीत, बर्फाचं पाणी होईपर्यंत. रंगुबाईला तर डोळेच नाहीत. बुद्धघोषला पटलं, म्हणून तो भोंगा बसवा म्हणाला, रेकॉर्ड करून देतो. पण भोंगा भंगारवाल्यांचा. तो वाजला की बाया फुटक्या बादल्या घेऊन बाहेर येतात. तेही राहिलं.

शेवटी एका मोडीत निघालेल्या तीनचाकीचं इंजन आलं. ते चालू झालं आणि अल्लाबक्षनं डोळे उघडले. ढुक् ढुक् ढुक् फट्. अगदी तेच, उलट फट् जरा जास्तच ठसठशीत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बुद्धघोष परोपरीनं सांगत होता की हे गाडीला ओढणार नाही, पण याचं एकच, हेच बसवा. बसवलं. बर्फाच्या पेट्या भरून चढावर घेऊन गेले, तर अर्ध्यात गाडी थांबली आणि फट् फट् करत माघारी यायला लागली. बुद्धघोष मागं दगड लावायला धावला म्हणून वाचले.

याच सगळ्या गोंधळात गेणूनं एकदा अल्लाबक्षला फोन केला. मोबाईल गॅरेजच्या कट्ट्यावर होता, अल्लाबक्ष नव्हता. बुद्धघोषनं ग्रीसच्या हातानं उचलला. गेणूनं भीतभीत विचारलं, भाईंचं कसं काय हाय, बदललं का? बुद्धघोषला दिवसाला असले दहा फोन येतात, सगळे गाडीचंच विचारतात. तो म्हणाला, "जुनं काढून बाहेर ठेवलंय, पार सडलं व्हतं. दुसरं बसवलं, पण लोड आला की बंद पडाय लागलं. आज एक यायचंय, अॅक्सिडेंटमधलं हाय पण एकदम चांगलं."

गेणूनं विचारलं, मग आत्ता भाई कुठंयत?

"चाचा व्हय? चाचा च्या प्यायला गेल्यात."

गेणूनं फोन खाली ठेवला आणि टपरीवरच्या सगळ्यांना सांगितलं. काळीज काढून बाहेर ठेवलंय आणि माणूस चहा प्यायला गेलाय. मग एका जाणत्यानं उलगडा केला की बाबांनो, दवाखान्यात काम करणारी माणसं तोंडावर वाईट सांगत नसतात, ही त्यांची बोलायची पद्धत. चहा प्यायला गेले म्हणजे गेले. सगळ्यांना पटलं. एका हुशारानं तर मोबाईलवर अल्लाबक्षचा तागडी धरलेला फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, दोन हात जोडलेले आणि एक मासा घालून.

अॅक्सिडेंटमधल्या कारचं ते इंजन मात्र खरंच देखणं निघालं. चढ असा चढलं की बर्फाच्या पेट्यांना कळलं नाही. फक्त ते बोलायचंच नाही. मांजर अंगणातून जावं तशी पिकअप जायची. बुद्धघोषनं चाचाच्या समाधानासाठी सायलेन्सरला भोक पाडून बघितलं, तर नुसतं फुस्स झालं. मग भोक बुजवलं. दुसरा इलाजच नव्हता. माल उन्हाच्या आत पोचला पाहिजे आणि कालव्याचा चढ चढला पाहिजे, म्हणून अल्लाबक्षनं ते गप इंजन पदरात घेतलं.

घरी बायकोनं, कमरजहाँनं, गाडी दारात कधी आली म्हणून विचारलं. घरच्या माणसालाही कळलं नाही. तो रात्री जेवला नाही. कमरजहाँ आधी हसली, मग तिला त्याच्या मनातलं कळलं. ती म्हणाली, "इंजन गप बसलं तर तुमी बोला की." त्यानं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं त्याला उजनीत उडी मारायला सांगितलं होतं.

सकाळी तो निघाला. पहिल्या वस्तीवर थांबला, कुणी आलं नाही. हॉर्न दिला, तर एका बाईनं उसाची गाडी समजून आतूनच ओरडून सांगितलं की ऊस भरायचा न्हाय आज. दुसऱ्या वस्तीवर तेच. गेणूच्या टपरीवर जाऊन सांगावं म्हटलं, तर टपरी बंद. इतकी वर्षं आपण या रस्त्यानं आलो-गेलो आणि आपलं म्हणून काय होतं, तर एक आवाज. तोही भंगारात गेला.

रंगुबाईच्या दारात मात्र तो गाडीतून उतरला. म्हातारी उंबऱ्यात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. त्यानं खाकरून, सगळा जीव गोळा करून सांगितलं की मासे आणलेत, चिलापी हाय.

रंगुबाईनं हात थांबवले. "कोण रं तू पोरा?"

"मी अल्लाबक्ष."

म्हातारीचा चेहरा एकदम कडक झाला. मेलेल्या माणसाचं नाव सांगून धंदा करतोस, लाज वाटत न्हाय का, म्हणाली. आमचा अल्लाबक्ष वारला. बायपासला वारला. अल्लाबक्ष म्हणाला की बायपासला गाडी होती, वॉल गाडीचा गेला होता. म्हातारीनं मान हलवली.

"अल्लाबक्ष येवढं कधी बोलतच न्हवता."

तो दारातून हलला नाही. मग म्हातारीला बहुतेक त्याची दया आली. ती जरा नरमाईनं म्हणाली, पोरा, तुझ्यावर राग न्हाय. पर त्याचा चाळिसावा होईस्तोवर वस्तीवर मासं शिजणार न्हाय, सगळ्यांनी ठरवलंय. त्यांच्यात चाळीस दिवस पाळत्यात ना, मग आमी बी पाळतो. गरीब माणूस व्हता. माप कधी मारलं न्हाय. तवर तू हितं येऊ नगं.

अल्लाबक्ष गाडीत येऊन बसला. मागं पेटीत बर्फ टपटपत होता. ही माणसं आपल्यासाठी सुतक धरून बसलीत आणि आपल्यालाच दारातून घालवतायत. त्याला हसू आलं. आयुष्यात कुणी आपल्यासाठी इतकं काही करेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि ते करतायत कुणासाठी, तर एका गाडीच्या आवाजासाठी. त्यानं किल्ली फिरवली. इंजन गुणगुणलं, म्हातारीनं वर बघितलंही नाही.

मग त्यानं रस्त्यावर कुणी नाही असं बघून घेतलं. काचेबाहेर डोकं काढलं, पोट भरून वारा ओढला आणि तोंडानं सुरू केलं. ढुक् ढुक् ढुक्. पहिलं जरा बारीक निघालं. दुसऱ्या खेपेला छातीतून आलं. इतकी वर्षं रोज ऐकलेलं, त्यात चूक होणार कशी? ढुक् ढुक् ढुक् फट्.

रंगुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. तिचे पाय आपसूक चप्पल शोधायला लागले. ती आत गेली, पातेलं घेऊन बाहेर आली आणि सावलीच्या अंदाजानं पिकअपच्या मागं, नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली.

"आलास व्हय रं बाबा," ती म्हणाली. "येवढी चिरफाड केली, पर फट् तेवढं तसंच ठेवलंय डाक्टरनं."

अल्लाबक्षनं डोळे बाहीनं पुसले, खाली उतरून तागडी धरली आणि एक शब्द न बोलता मासे घातले. आजूबाजूची दारं अजून बंद होती. म्हातारीनं पातेलं पदराखाली घेतलं, पण ती जागची हलली नाही.

"आता जरा जोरात कर," ती म्हणाली. "पलीकडच्या आळीला अजून तू मेलेलाच हायस."