लांबून वाढलेलं ताट

आता स्वतःच्या तोंडाने सांगायला लाज वाटते, पण आळीतले लोक तिखटमीठ लावून सांगतील, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

मी पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला माणूस. राग कायम नाकावर, आणि त्याला कारणंही भरपूर. आमची आळी गावाबाहेर. गावात आम्हाला पाणी पाजायचं तर लांबून ओततात, आमची सावली पडली तर अंग चोरतात. आमच्या जातीने घालायचा ‘जोहार’ सोडून मी ‘नमस्कार’ म्हणायला लागलो, तर तळा गावच्या बाजारात त्यावरूनही भांडण झालं.

अशात एका सकाळी हसनचाचा पाहुणा घेऊन आला. चाचा खाडीवरचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, निम्मा जन्म रंगूनच्या फेऱ्यांत गेलेला. पाहुणा ब्रह्मदेशातला बौद्ध भिक्खू. डोकं भादरलेलं, अंगावर पिवळं वस्त्र, मराठीचा गंध नाही. त्याला आमच्या जवळची कुड्याची लेणी बघायची होती.

“जेवंल तुझ्याकडं,” चाचा म्हणाला. “पन येक ध्यानात ठेव, यांची रीत...”

“मला रीत शिकवू नको. पलटणीत गोऱ्या साहेबांना वाढलंय मी.”

चाचा तसाच होडीकडे गेला.

बाहेरचा माणूस माझ्या घरात जेवणार! आळीभर सांगत सुटलो. सखूला, म्हणजे बायकोला, वालाचं बिरडं करायला लावलं, नवं पितळेचं ताट काढायला लावलं.

मग पाहुण्याला ताठ उभं राहून नमस्कार केला. त्याने हातच जोडले नाहीत. नुसता हसला.

लेण्यात गेलो. तिथल्या ज्या मूर्तीला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धर्मराज समजत आलो, तिच्यापुढे याने फुलं वाहिली, तीनदा कपाळ टेकलं. मी मनात म्हटलं, वा रे वा. दगडाला तीन नमस्कार, मला एकही नाही?

परत येताना तो सारखा खाली सावलीकडे बघायचा आणि भराभर पुढे जायचा. माझं डोकं तडकलं. म्हणजे इतक्या लांबून येऊन हाही माझी सावली टाळणार?

घरी तो पाटावर बसला. सखूने ताट आणलं. मी म्हटलं, “ठेव तिथं नि हो बाजूला.” तिने ठेवलं. तर याने माझ्याकडे दोन्ही हात पुढे केले. मला वाटलं, लांब हो म्हणतोय. मी चार पावलं मागे झालो. तो तसाच बसून राहिला. घासाला हात नाही.

अर्धी आळी दारात जमली होती. मग मात्र मी तोंड सोडलं. त्याच्या मुलखाला, त्याच्या पिवळ्या वस्त्राला, सगळ्याला बोललो. त्याने अंगणातली सावली पाहिली आणि हात मांडीवर घेतले.

तेवढ्यात चाचा आला. “काय झालं रं?”

“तुझा साधू आमचा विटाळ मानतो.”

“येडा की खुळा तू? रंगूनला मी सारं बघितलंय. भिक्खू कुनाला नमस्कार करीत न्हाय, राजालासुदिक न्हाय. ऊन माथ्यावरनं कललं की जेवत न्हाय, म्हनून सावली बघतो. आनि ताट त्याच्या हातात द्यावं लागतं. कुनी हातानं दिल्याबगर तो घास घेत न्हाय.”

ताट उचलून धावलो, दोन्ही हातांनी पुढे धरलं. त्याने हसून मान हलवली. ऊन कललं होतं.

“आता भांडा की,” सखू म्हणाली. “कुनाशी भांडताय?”

उभ्या जन्मात माझ्या हातचं घ्यायला हात पुढे करणारा पहिला माणूस दारात आला, आणि त्याला लांबून वाढलं ते मीच.