दाण्याएवढ्या ग्रंथी आणि वैशाली

दूध गॅसवर ठेवलं होतं आणि फोन वाजला. वैशालीची बहीण होती. “वैशू गेली गं… झोपेतच.” मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. आदल्याच आठवड्यात मुलुंडला तिच्या दवाखान्यात भेटलो होतो. बाहीवर मांजराचे केस चिकटलेले, आणि ही खळखळून हसत होती.

शाळेपासूनची माझी मैत्रीण. ती जनावरांची डॉक्टर झाली, पण तिचं काम काय चीज आहे ते मला कळलं आमच्या बंड्यामुळे. बंड्या म्हणजे माझ्या बाबांनी सोसायटीच्या गेटवरून घरी आणलेला गावठी कुत्रा. आई गेल्यावर बाबा दिवसभर त्याच्याशीच मालवणीत गप्पा मारत. मग बंड्याला झटके येऊ लागले. जवळच्या डॉक्टरने मिरगी म्हणून औषधं चालू केली, पण झटके वाढतच गेले. एका दुपारी तो कोसळला तो उठेचना. घाटकोपरहून रिक्षा केली आणि त्याला वैशालीकडे नेलं. तिने झटक्यांचं नंतर विचारलं. आधी म्हणाली, “काका, हा पंजाने तोंड घासतो का?” बाबा चमकले. “घासता गो बाय, सारखो!” तिने लगेच रक्त तपासलं. कॅल्शियम पार खाली गेलं होतं. “मिरगी नाही वाटत मला ही. गळ्यात थायरॉइडला चिकटून चार ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या सांभाळतात. ह्याच्या त्याच बंद पडल्यात बहुतेक.” पुढे हार्मोनच्या तपासणीतही तेच निघालं. “एवढ्याशा दाण्यांनी हे सगळं?” मी विचारलं. “एवढ्याशाच यार… मला अजूनही नवल वाटतं.”

शिरेतून कॅल्शियम द्यायचं होतं. “घाई केली तर हृदय थांबेल,” ती म्हणाली आणि कानाला स्टेथोस्कोप लावला. थोडं औषध सोडायची, थांबायची, ऐकायची… बंड्याच्या कातडीखाली स्नायू नुसते थडथडत होते. “वाचात मां गो?” बाबांचा आवाज फाटला. तिने हातानेच गप्प केलं. ठोके मंदावले होते. तिने सिरिंज थांबवली, डोळे मिटले. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मग तिचा अंगठा पुन्हा हलला. हळूहळू थडथड निवली. बंड्याने मान उचलली, धडपडत उभा राहिला आणि बाबांचा हात चाटू लागला. बाबांनी हात जोडले तर म्हणते कशी, “हात कसले जोडता काका, त्याला पाणी द्या.”

गोळ्या जन्मभराच्या होत्या. कॅल्शियम जास्त झालं तर मूत्रपिंडांची वाट लागते, म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं. ते तिने कधी चुकू दिलं नाही.

बरं झालेलं जनावर एखाद्या रविवारी नुसतं दाखवायला आणायला लावायची तिची सवय होती. “मला चालताना बघायचंय त्याला,” म्हणायची आणि दारात उभी राहून ते गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो बघत राहायची. ती गेल्यानंतरच्या रविवारी बंड्याला घेऊन बाबा आणि मी तिच्या दवाखान्यात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आमच्याआधी तिथे बरेच जण आले होते, कुत्री, मांजरं, एक बकरीसुद्धा. तिच्या हाताखालच्या नव्या डॉक्टरणीने गोंधळून विचारलं, “काय होतंय ह्यांना?”

“काय नाय,” बाबा म्हणाले. “बरो आसा तो. तू फक्त दारात उभी रव.”

ती दारात येऊन उभी राहिली. बंड्या चालू लागला.