चौथ्या सर्व्हरची फट

माझी थोरली बहीण, माझी मानांग रोडोरा, सात वर्षं फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका कॉल सेंटरमध्ये परक्या लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घेते आहे. रात्रपाळीहून सकाळी आली, की सुकी मासळी आणि भात घेऊन ती लॅपटॉपसमोर बसायची. ऑनलाइन सरावाची एक लॅब होती. तिथं मुद्दाम कच्चे ठेवलेले सर्व्हर मिळतात. त्यांतली फट शोधायची, आत शिरायचं आणि लपवलेला शब्द काढून आणायचा. चोरी शिकून चोर अडवायचे, असला तो धंदा.

"मानांग, झोप की जरा. डोळे बघ, मेलेल्या बांगड्यासारखे झालेत."

"गप गं. फट असतेच. दिसत नाही, म्हणजे मी नीट बघितलं नाही."

तीन वर्षांत तिनं दोनशे सर्व्हर फोडले. मला अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. घरात असून ती घरात नसायची.

मग मनिलाच्या एका कंपनीनं नोकरीसाठी घरबसल्या परीक्षा ठेवली. चार सर्व्हर, वेळ सकाळी आठ ते पाच, शेवटी रिपोर्ट. पास झाली, तर कानावरचा हेडफोन कायमचा उतरणार होता. आमच्या आईनं, नानायनं, हारोच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

दुपारपर्यंत तीन सर्व्हर फुटले. चौथा हलेना. नानायनं आणून ठेवलेलं गरम बाचोय सूप तसंच गार झालं, त्यातल्या शेवया फुगून वर आल्या.

"सोड ना तो!" चार वाजता मी म्हणाले.

"आहे गं. इथंच कुठंतरी आहे."

पाच वाजता तिनं रिपोर्ट पाठवला. चौथ्या सर्व्हरखाली एकच ओळ होती: मला फट सापडली नाही, माफ करा.

आठवड्यानं उत्तर आलं: नापास. चौथ्या सर्व्हरला फट नव्हतीच. काय काय तपासलं ते मांडून 'हा सुरक्षित आहे' असं लिहून देणं, हीच खरी परीक्षा होती. आणि तपासलं तर तिनं सगळंच होतं! मला इतकं वाईट वाटलं, की तिच्याकडे बघवेना.

ती रडली नाही. तिनं लॅब उघडली आणि नवा सर्व्हर घेतला.

"आता पुन्हा कशाला गं?" मी ओरडलेच.

"इथं निदान कुणीतरी आपल्यासाठी फट ठेवलेली असते," ती म्हणाली.

बाहेर रात्रपाळीच्या गाडीनं हॉर्न दिला. तिनं लॅपटॉप मिटला आणि हेडफोन पिशवीत टाकला.