ताट समोर आलं की सुई

आमच्या ग्रुपचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मोहाची फुलं जशी आपोआप खाली पडतात, तसे ते पडतात. टोपली घेऊन बसलं की झालं.

ग्रुप म्हणजे टाइप वन डायबिटीसवाले आम्ही सहा-सात जण. शरीरात इन्सुलिन बनणंच बंद झालं, म्हणून प्रत्येक जेवणाला सुई. महिन्यातून एका रविवारी मूल गावात आमच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात जमतो. गेल्या वर्षी मॅडमनी आमचं जेवणाचं इन्सुलिन बदललं. जुनं घेतलं की अर्धा तास थांबून जेवायचं. नवीन फास्ट. ताट समोर आलं की सुई, आणि लगेच पहिला घास.

ऐकायला किती सोपं! पण आम्ही सगळ्यांनी अख्खा संसार त्या अर्ध्या तासाभोवती मांडलेला होता.

मला वेगळीच काळजी. माझं लग्न जमवणं चालू होतं, आणि सुईचं कळल्यावर दोन स्थळं परत गेली होती. तेव्हापासून आईचा नियम : पाहुणे असले की सुई आतल्या खोलीत. जुन्या इन्सुलिनला ते जमायचं. आत टोचून घ्यायची, बाहेर येऊन अर्धा तास हसत बसायचं.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये मडावीभाऊंनी हात वर केला. आरमोरीच्या पुढे जंगलातलं गाव, धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. तिशी उलटल्यावर त्यांना हा आजार जडला. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, इन्सुलिन फास्ट हाये, मंग जेवा बी फास्ट लागते का?"

मॅडम म्हणाल्या, जेवण निवांत करा, सुरू मात्र लगेच करा. भाऊंनी मान हलवली. घरी सासरे जेवल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत, आणि सासरे एक भाकर तासभर खातात. म्हणजे सासऱ्यालाच फास्ट करावं लागणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

*

धनराजभाऊ मूलच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर असतात. पंधरा वर्षं त्यांचा रिवाज ठरलेला. सुई घ्यायची, डबा उघडून ठेवायचा आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसायचं. आता उघडा डबा आणि हात बांधून बसलेला त्या डब्याचा मालक म्हटल्यावर मिलमधले दोस्त थोडीच सोडतात! एक जण वांग्याची चव पाहायचा, दुसरा पाटोडीची. अर्ध्या तासाने भाऊंच्या वाट्याला भात आणि लोणचं. त्यांच्या सुगरण बायकोच्या हातची चव गावाला माहीत, फक्त भाऊंना नाही.

नवीन इन्सुलिन आलं. भाऊंनी सुई घेतली आणि त्याच मिनिटाला वांगं तोंडात टाकलं. दोस्त बघतच राहिले. पुढच्या रविवारी मिलमधले एक म्हातारे हमाल थेट दवाखान्यात हजर.

"मॅडम, त्याले जुनीच द्या. हे औषध आमाले सूट होऊन नाई राह्यलं."

*

मडावीभाऊंच्या गावी नवं धान आलं की आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवतात. तोवर घरात कुणी शितालाही हात लावत नाही. भाऊंचा जुना हिशेब पक्का : पुजारी पूजेला बसला की सुई, पूजा संपेपर्यंत अर्धा तास बरोबर. या वेळी इन्सुलिन नवीन, सवय जुनी. पुजारी बसला, भाऊंनी सुई घेतली.

पंधरा मिनिटांत अंगाला घाम सुटला, हात कापायला लागले. खिशात साखरेची पुडी होती, पण पूजेआधी खायचं कसं? भाऊ पुडी मुठीत धरून बसून राहिले. शेवटी पुजाऱ्याचंच लक्ष गेलं. त्याने पूजा थांबवून विचारलं, मग पुडीकडे नीट पाहिलं.

"साखर काई आपल्या वावरात पिकली नाई," तो म्हणाला. "खा."

*

माझी आई तर घड्याळाचीच भक्त. बारा वर्षं ती माझं ताट अर्धा तास झाकून ठेवत आली. नवीन इन्सुलिनच्या पहिल्या दिवशी मी ताटावर बसून सुई घेतली आणि बाईंनी ताटच उचललं. "दहा मिन्टं तरी थांब. इतकी काऊन घाई?" ताटासाठी आमची ओढाताण झाली, वरण सांडलं, बाबा दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. मला हसू आलं आणि रडूही. शेजारी तिचंही ताट झाकलेलं होतं. त्या अर्ध्या तासांत तिनेही कधी घास घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

*

मग चंद्रपूरचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, सोबत त्याची आई. घरात यायच्या आधी तो दोन मिनिटं गाडीतच थांबला, फोन आला म्हणे. मग जय भीम झाला, पाणी झालं, गप्पा सुरू झाल्या. मी शिकवते त्या शाळेबद्दल त्याने एवढं आस्थेने विचारलं की मला तो आवडलाच. पण सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याच्या आईनेही दोनदा विचारलं, जेवायला किती वेळ आहे. माझी आई स्वयंपाकघरात हताश होऊन म्हणाली, "जायची घाई हाये त्याले. नाई आवडली तू."

ताटं मांडली तशी आईने डोळ्यांनी खुणावलं : आत जा. मी उठले नाही. आत टोचून बाहेर यावं, आणि इथे कुणी जेवणाआधी फोटो काढा म्हटलं, उशीर झाला तर? मडावीभाऊंचा घाम आठवला. आणि खरं सांगते, जन्मभर आतल्या खोलीत जायचा मला कंटाळा आला होता. हे स्थळही परत जाणार, ही भीती होतीच, तरी मी पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं.

"मले टाइप वन डायबिटीस हाये," मी म्हटलं. "जेवताना हे घ्या लागते."

पदराआडून सुई टोचली आणि पहिला घास घेतला. आईने डोळे मिटले. बाबा वरणाकडे बघत राहिले. मुलाने माझ्या पेनाकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पेनाकडे पाहिलं.

"तुमाले अर्धा घंटा थांबा नाई लागत?"