चाळीस सेकंद पुढे

बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मला मॅचचं भविष्य कधीच कळत नव्हतं. ओहायोतला माझा टीव्ही डोंबिवलीतल्या बाबांच्या टॅबच्या चाळीस सेकंद पुढे चालायचा. एवढंच होतं ते.

दिवेकर काकांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंय, "आपली बिल्डिंग यंदा पन्नास वर्षांची झाली असती. एक स्मरणिका काढू. जे लांब गेले त्यांनी आवर्जून लिहा. पम्या, तूसुद्धा. छान हलकंफुलकं काहीतरी." झाली असती! काका, बिल्डिंग पाडली तेव्हा आला नव्हता इतका राग मला या दोन शब्दांचा आला. जिथे आपला जिना होता तिथे पत्र्याच्या कुंपणाआड हिरवं पाणी साचलंय, आणि तुम्हाला गच्चीवरचं कोजागिरीचं दूध आठवून हवंय. ते माझ्याकडून मिळणार नाही. हे छापायचं तर छापा.

आम्ही घर सोडलं तो दिवस मी फोनवर पाहिला. 'आम्ही' म्हणायचा मला हक्क नाही. सोडलं आई-बाबांनी. ताई कळव्याहून सकाळीच आलेली, तिने व्हिडिओ कॉल लावला होता. बाबा दाराची नेमप्लेट काढत होते. स्क्रूंवर बेचाळीस वर्षांचा गंज. शेवटचा स्क्रू काही केल्या फिरेना. खालून टेम्पोवाला ओरडत होता, "ओ काका, आटपा ना! टिटवाळ्याला जाऊन मला परत यायचंय." शेवटी बाबांनी पक्कडीने तो स्क्रू उपटला, प्लेट धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसली आणि फोनकडे बघून हसले. "अठरा महिने म्हणालास ना रे? मग ही खोक्यात अगदी वरच ठेवतो. नव्या दाराला लावायला पटकन सापडेल."

मी म्हणालो, "हो बाबा."

त्याच्या कितीतरी वर्षं आधी मी स्वतः अमेरिकेला निघालो तेव्हा सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. हातावर दही पडलं, कोणी नारळ दिला, तो विमानतळावर काढून ठेवावा लागला. बाबा गाडीच्या खिडकीशी वाकून एवढंच म्हणाले, "पडला की लिहायचा." ताईला हसू आलं, कारण हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं सगळीकडे पडायचं. बाबा कल्याणला एका ऑफिसात कारकून होते, पण त्यांचा खरा मान बास्केटबॉलच्या स्पर्धांत. जिल्ह्यात कुठेही स्पर्धा असली की स्कोअररच्या टेबलाशी बाबा. इस्त्रीचा शर्ट, एक निळं पेन, एक लाल. हाताखालच्या नवख्या पोरांना सांगायचे, "बॉल हातातून सुटला म्हणजे बास्केट झाली असं नाही. रिंगवर फिरतो, बाहेर येतो. पडला की लिहायचा. आधी लिहिलास तर खोडावं लागेल, आणि खोडलेल्या शीटवर कोणी विश्वास ठेवत नाही."

ओहायोत गेलो, नोकरी, ग्रीन कार्ड, बेसमेंटवालं घर, बर्फ उपसायचं फावडं, सगळं रीतसर झालं. घरी फोन करायचो तेव्हा बोलायला काही नसायचं. "जेवलास?" "हो." "थंडी आहे?" "आहे." मग बाबांना टॅब घेऊन दिला आणि त्यावर अमेरिकेतल्या मॅचेस दिसायला लागल्या. एप्रिल-मेमध्ये इथे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या असतात. सोळा टीम, आठ जोड्या. जोडीत जी आधी चार मॅच जिंकेल ती पुढे, ही एक सिरीज. माझी इथली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. एका फोनवर मी, समोर टॅबवर मॅच, आईचा चहा, आणि आम्हा बापलेकांना पहिल्यांदाच बोलायला विषय मिळाला. बाबा कॅलेंडरचं मार्चचं पान फाडून त्याच्या पाठीवर सगळ्या जोड्या आखायचे. टीमची नावं त्यांच्या तोंडी बसली नाहीत. हिरवे, पिवळे, निळे, जांभळे असंच चालायचं. "हिरवे किती मॅचमध्ये, बोल." "पाच." "मी म्हणतो सहा."

एका सकाळी मी सहज म्हणालो, "पहिला फ्री थ्रो जाईल, दुसरा चुकेल." माझ्या टीव्हीवर तो आधीच चुकला होता. चाळीस सेकंद गेले. मग आईच्या कपाची बशी वाजली आणि बाबा ओरडले, "अरे! चुकला! तुला कसं कळलं?"

त्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात लाल अक्षरांत लाईव्ह लिहिलेलं होतं, माझ्याही. त्यांना कसं कळावं, की लाईव्ह दोन प्रकारचं असतं? तिथेच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बघून बघून कळायला लागतं, बाबा."

आणि दुसऱ्या दिवसापासून कॉल लावायच्या आधी मी माझ्या टीव्हीचा आवाज बंद करायला लागलो. गंमत होती असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. गंमत करणारा माणूस आवाज बंद करत नाही.

त्यानंतर तुम्ही बिल्डिंगवाले आलात. सकाळी सहाला बनियनवर, हातात आपापला कप. दिवेकर काका, तुम्हाला बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमधला फरक माहीत नव्हता, तरी तुम्ही विचारायचात, "पम्या, हा लंबू टाकणार का?" "टाकणार." "आयला, टाकला! अहो, तुमच्या पोराच्या जिभेवर काळा तीळ आहे काय?" बाबांची मान ताठ झालेली मला छोट्याशा चौकोनातही दिसायची. बेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे पॉइंट लिहिलेल्या माणसाच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी जिंकत होतं. मग हळूहळू तुम्ही भलतंसलतं विचारायला लागलात. मुलीचं स्थळ बघू का, गुडघ्याचं ऑपरेशन आत्ता करू की दिवाळीनंतर. मीही सांगत गेलो. तुमचं चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. अक्कल गहाण ठेवायला तुम्हाला कोणीतरी हवंच होतं, मी फक्त परदेशात होतो.

पूर्ण सिरीजचं भाकीत चाळीस सेकंदांनी सांगता येत नाही. ते मी सट्ट्याच्या भावांवरून उचलायचो. पहिल्या फेरीत तगडी टीम दुबळीला हरवते, त्यात कसलं आलंय भविष्य! एका वर्षी बाबांनी आपल्या पानावर जांभळे सात मॅचमध्ये असं लिहिलं होतं. "हिरव्यांचा तो उंच पोरगा डाव्या पायावर उतरत नाही बघ. दुखतंय त्याला, लपवतोय." मी म्हणालो, "नाही बाबा, हिरवे, पाचमध्ये." खोडरबर घासल्याचा आवाज मला फोनवर आला. जांभळे सातव्या मॅचमध्ये जिंकले. बाबा म्हणाले, "चालायचंच. तुझं एखादं चुकणारच." त्यांचं बरोबर आलेलं होतं, हे त्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही.

मग रिडेव्हलपमेंट निघालं. सह्या न करणारी पाच घरं होती आणि त्यांत पहिले बाबा. मीटिंगमध्ये त्यांनी दोनदा नाही म्हटलेलं. बाबांनी करारनाम्याची बावीस पानं एकेक करून फोटो काढून मला पाठवली, प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. ताईने तेव्हाच फोन करून मला झापलं होतं. "तू मॅच सांग हां. घर नको सांगू. तुझं काय जातंय रे? तू तिकडे बसून भाकितं करणार आणि सामान आम्ही उचलणार."

मीटिंगच्या दिवशी सकाळी नेमकी एका सिरीजची सातवी मॅच होती. तिसरा क्वार्टर, दोन पॉइंटचा फरक. बाबांनी टॅब लावलाच नव्हता. ते म्हणाले, "आज अकराला मीटिंग आहे. कागद वाचलेस ना नीट?"

माझी नजर टीव्हीवर होती. "हो, वाचले."

"मला एका ठिकाणी शंका आहे. तुला काय वाटतं?"

"काही शंका नको, बाबा. करा सही. अठरा महिन्यांत नव्या घरात असाल."

मी एकही पान उघडलेलं नव्हतं. अठरा महिने हा आकडा बिल्डरच्या रंगीत पत्रकावर होता. ते ताईने ग्रुपवर टाकलं होतं, शिव्या घालायला म्हणून. तेवढंच माझ्या डोळ्यांखालून गेलेलं. कोणत्या शंकेबद्दल बोलताय, एवढंही मी विचारलं नाही. बॉल हवेत होता.

"बरं. तू म्हणतोस तर," बाबा म्हणाले. त्या दिवशी काका, तुम्ही मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंत की आता तर आपला पम्यासुद्धा हो म्हणतोय. उरलेल्या चार घरांनीही तिथेच सही केली. म्हणजे ती चार घरंही माझ्यामुळेच गेली. कोणी कळव्याला भाड्याने आहे, कोणी खडवलीला, सगळं मला माहीत आहे. बिल्डर दुसऱ्याच वर्षी नाहीसा झाला. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही, त्याच्यावर सगळं ढकलायला मला फार सोपं जाईल.

टिटवाळ्याच्या भाड्याच्या जागेत बाबांनी नेमप्लेट लावली नाही. "दोन दिवसांचं घर, भिंतीला भोकं कशाला पाडायची?" पोस्टमन खालून विचारत यायचा. शेजारी त्यांना 'बी विंगवाले आजोबा' म्हणायचे. ज्या माणसाला कोर्टावरची पोरं वाकून नमस्कार करायची, तो तिसऱ्या वर्षी त्या बिननावाच्या दारातून गेला. शेवटच्या एप्रिलमध्येही त्यांनी पान आखलं होतं. या वेळी स्वतःचं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त माझी भाकितं, निळ्या पेनाने. मॅच व्हायच्या आधीच पेनाने लिहिलेली.

तेराव्याला गेलेलो तेव्हा खोक्यात तो करारनामा सापडला. एकोणिसाव्या पानावर महापालिकेच्या मंजुरीचा क्रमांक लिहायची जागा कोरी होती. तिच्याभोवती बाबांनी पेन्सिलने गोल केला होता आणि शेजारी बारीक प्रश्नचिन्ह. ही त्यांची शंका. मी फोन काढून त्यांनी पाठवलेले फोटो शोधले. बावीस धूसर चौकोन, एकही न उघडलेला. एकोणिसाव्यावर बोट ठेवलं तर फोन म्हणतो, हा फोटो आता उपलब्ध नाही, ज्याने पाठवला त्याला पुन्हा पाठवायला सांगा.

ताई दारात उभी होती. "काय शोधतोयस?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "तुझं नेहमीच काही नाही असतं." बरोबर बोलली.

माझ्यासारखे जे बाहेर गेले, न्यू जर्सी, दुबई, मेलबर्नवाले, त्यांनी हे वाचून मला नावं ठेवायच्या आधी आपापले फोन बघावेत. आईवडिलांनी पाठवलेलं किती उघडलंय आणि कशाला नुसताच अंगठा दाखवलाय ते. आपण सगळे लांबून मोठ्या आत्मविश्वासाने बोलतो. अमेरिकेहून आलेलं मत म्हणजे मत, तिथे घरी बसून पेन्सिलने गोल काढणाऱ्याचं काय! हे आपल्याला आवडतं. मला तर फार आवडायचं.

अठरा महिन्यांची सहा वर्षं झाली. आई टिटवाळ्यातच आहे, एकटी. ताई कळव्याला चल म्हणते, पण आई हलत नाही. "आता कुठे पुन्हा हलवाहलव, पम्या म्हणालाय ना, एकदम नव्या घरातच जाऊ." बैठकीच्या खोलीत अकरा खोकी सुतळीने बांधलेली, बाबांच्या अक्षरात 'नवीन घर – स्वयंपाक', 'नवीन घर – देव'. सहा वर्षं आई दोन ताटं, दोन पातेली आणि एक तवा एवढ्यावर काढतेय. देव खोक्यात, आणि पूजा एका सुपारीची. मी म्हटलं, "आई, उघड ना ती." तर म्हणते, "परत बांधायला तुझे बाबा आहेत का?"

या एप्रिलमध्येही तिने फोन केला. बास्केटबॉल तिला कधीच कळला नाही, पण मार्चचं पान तिने फाडून ठेवलं होतं. "सांग बाबा, यंदा कोण? हिरवे का पिवळे? मी लिहून ठेवते, यांना बरं वाटेल." मी सांगितलं. तिने लिहिलं. मग हळूच म्हणाली, "आणि आपल्या घराचं काय दिसतंय रे तुला?"

मी म्हणालो, "होईल आई, या वर्षी होईल." परत. या वयात, हे सगळं माहीत असताना.

मला पूर्वी वाटायचं घर म्हणजे डोंबिवली, मग काही वर्षं वाटलं ओहायो. आता घर म्हटलं की मला टिटवाळ्याचं ते कोरं दार दिसतं, आणि आत एका खोक्यात अगदी वर ठेवलेली पितळी पाटी. ती तिथेच लावायला हवी, भाड्याच्या दाराला, भोक पाडून.

त्यासाठी आईला एक गोष्ट सांगावी लागेल: आई, मला काही दिसत नाही, कधीच दिसत नव्हतं, आणि बाबांचे कागद मी वाचले नव्हते. तुमच्या सगळ्यांसमोर हे लिहिलं, पण तिला अजून सांगितलेलं नाही. ते माझ्याकडून येणं बाकी आहे.